दूरवैद्यक आणि गर्भवतीची तपासणी : भारत, २०२०–२१

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, भारतीय वैद्यक परिषदेच्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या सहकार्याने तयार केलेल्या ‘टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स’ प्रसिद्ध झाल्या. या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवून आपण या पाठाची सुरुवात करू. एका आदेशाने लोकांचे घराबाहेर पडणे थांबवले. दुसऱ्या दस्तऐवजाने डॉक्टरने फोनवरून, व्हिडिओवरून किंवा लेखी संदेशावरून सल्ला कसा द्यावा याचे नियम पहिल्यांदा स्पष्ट केले.

गुडघेदुखीचा रुग्ण दोन महिने थांबू शकतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. गरोदरपण पुढे ढकलता येत नाही. त्या रात्री जी स्त्री पाचव्या महिन्यात होती, तिचे बाळंतपण जुलै-ऑगस्टात येणारच होते, मग रस्ते खुले असोत की बंद. शिवाय एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. गर्भवती ही आजारी व्यक्ती नसते. तिची तपासणी काहीही दुखत नसताना करायची असते, आणि म्हणूनच अडचणीच्या काळात घरातले सगळ्यात आधी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात ते याच तपासणीबद्दल.

या पाठात आपण विचारणार आहोत तो प्रश्न साधा आहे. प्रसूतिपूर्व तपासणीत नेमके काय काय असते, आणि त्यातले काय फोनवरून जाऊ शकते? त्याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा इतिहासात जास्त सापडते, असे माझे मत आहे. म्हणून थोडे मागे जाऊ.

वेळापत्रक आले कुठून?

गर्भवतीने ठरावीक आठवड्यांनी डॉक्टरकडे जावे, ही कल्पना फार जुनी नाही. एडिंबराचे जॉन बॅलंटाइन यांच्या आग्रहामुळे तेथील प्रसूती रुग्णालयात १९०१ मध्ये गर्भवतींसाठी एक खाट राखून ठेवली गेली. एकच खाट, पण बाळंतपणाआधीच्या महिन्यांत स्त्रीकडे लक्ष द्यायला हवे हा विचार त्यामागे होता. १९२९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने, डॉ. जॅनेट कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली, तपासण्यांचे वेळापत्रक सुचवले. सोळाव्या, चोविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात तपासणी, मग छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर दर आठवड्याला. हे वेळापत्रक कोणत्याही प्रयोगातून सिद्ध झालेले नव्हते. ते समंजस वाटले, छापले गेले आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पुढची कित्येक दशके टिकून राहिले.

भारतात त्या काळी असे वेळापत्रक पाळता येईल इतकी यंत्रणाच नव्हती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तरुण वयाचे लोक मोठ्या संख्येने दगावले आणि गर्भवतींना त्या आजाराचा धोका विशेष होता. पण त्या साथीने ‘प्रसूतिपूर्व सेवा खंडित केली’ असे आपल्याला म्हणता येत नाही, कारण खंडित व्हायला सेवा असावी लागते. १९४६ च्या भोर समितीने मातामृत्यूंचा अंदाज दर हजार जन्मांमागे सुमारे २० असा दिला होता. आजच्या मोजपट्टीने सांगायचे तर लाखामागे २,०००. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८–२० या काळात हाच आकडा ९७ होता. या दोन आकड्यांमधल्या पाऊणशे वर्षांत उपकेंद्रे, एएनएम, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची इंजेक्शने, २००५ ची जननी सुरक्षा योजना, आशा कार्यकर्त्या आणि २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला होणारे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान असे बरेच काही उभे राहिले. २०२० मध्ये धक्का बसला तो या सगळ्याला.

आता वेळापत्रकाकडे परत येऊ. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अर्जेंटिना, क्यूबा, सौदी अरेबिया आणि थायलंड या देशांत सुमारे २४ हजार स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी भेटी, पण प्रत्येक भेटीत नेमके काम, असे चार भेटींचे प्रारूप त्यातून पुढे आले. भारतानेही किमान चार तपासण्यांचे धोरण ठेवले : पहिली बारा आठवड्यांच्या आत, शेवटची छत्तिसाव्या आठवड्यानंतर. पुढे मात्र आकडेवारीची फेरतपासणी झाली तेव्हा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत कमी भेटींच्या गटात बाळांचे मृत्यू काहीसे अधिक दिसले. म्हणून २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चारऐवजी आठ ही संख्या सुचवली.

त्याच वेळी संघटनेने एक शब्दही बदलला. ‘भेट’ऐवजी ‘संपर्क’. हेतू असा, की स्त्री नुसती दवाखान्यात येऊन गेली एवढे पुरेसे नाही; तिच्यात आणि आरोग्यसेवकात खरा संवाद व्हायला हवा. हा शब्द निवडताना कोणाच्या मनात महासाथ असणे शक्य नव्हते. पण चार वर्षांनी ‘भेट’ अशक्य झाली तेव्हा ‘संपर्क’ या शब्दात फोनला जागा मिळाली. धोरणातल्या शब्दांचा इतिहास वाचायची सवय लावून घ्या, ती अशा ठिकाणी उपयोगी पडते.

फोन आधीपासून होता

भारतातले दूरवैद्यक महासाथीत जन्मले, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. आंध्र प्रदेशातील अरगोंडा या गावात २००० साली एका खासगी रुग्णालय समूहाने दूरवैद्यक केंद्र सुरू केले. २००१ पासून इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने दूरची रुग्णालये मोठ्या शहरांतील तज्ज्ञांशी जोडायला सुरुवात केली. या प्रयोगांची रचना पाहा : एका टोकाला तज्ज्ञ, दुसऱ्या टोकाला रुग्णाशेजारी बसलेला डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचारी. रुग्ण एकटा नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ‘ई-संजीवनी’ याच रचनेची होती : गावातील आरोग्यवर्धिनी केंद्रातला कर्मचारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी बोलणार. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने ती तयार केली होती.

गर्भवतींपुरता पाहिला तर फोन त्याहीपेक्षा ओळखीचा होता. जानेवारी २०१६ मध्ये ‘किलकारी’ ही सेवा सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिमुद्रित संदेश नोंदणी झालेल्या कुटुंबाच्या फोनवर येत. यात बोलणे एकाच बाजूने होते, स्त्रीने ऐकायचे. तरीही सरकारने गर्भवतींचे फोन नंबर गोळा केले होते आणि ते नंबर कुठेतरी नोंदलेले होते, हे २०२० मध्ये महत्त्वाचे ठरले.

डॉक्टर मंडळी मात्र फोनवर सल्ला द्यायला बिचकत होती आणि त्याला ताजे कारण होते. त्या कारणाचा संबंध बाळंतपणाशीच आहे. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. सिझेरियननंतर घरी गेलेली स्त्री पुन्हा आजारी होऊन रुग्णालयात आली. डॉक्टर जागेवर नव्हते. फोनवरून दिलेल्या सूचनांवर तिला दाखल करून उपचार सुरू झाले. पुढे तिचा मृत्यू झाला. प्रश्न जामिनाचा होता, दूरवैद्यकाच्या कायदेशीरपणाचा अंतिम निवाडा तो नव्हता. पण वैद्यकीय वर्तुळात त्याचा अर्थ ‘न तपासता फोनवर औषध सांगितले तर गुन्हा’ असा घेतला गेला. तुम्ही कायद्याचे विद्यार्थी असाल तर हा फरक नीट समजून घ्या : न्यायालयाने काय ठरवले ही एक गोष्ट आणि लोकांनी त्यातून काय समजून घेतले ही दुसरी.

२५ मार्चच्या दस्तऐवजाने ही भीती बऱ्याच अंशी दूर केली. नोंदणीकृत डॉक्टर दूरवरून सल्ला देऊ शकतो. माध्यम कोणते वापरायचे आणि प्रत्यक्ष तपासणी हवी की नाही हे त्याने स्वतःच्या व्यावसायिक विवेकाने ठरवायचे. पहिली भेट आणि पाठपुरावा यांत फरक. औषधांच्या वेगवेगळ्या याद्या आणि काही औषधांना पूर्ण बंदी. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला प्रत्यक्ष उपचाराकडे पाठवण्याचे बंधन. १३ एप्रिल २०२० ला ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. आता मध्ये कर्मचारी नाही, रुग्ण घरूनच थेट डॉक्टरशी बोलणार.

ही पायरी दिसते त्यापेक्षा मोठी आहे. वीस वर्षे रुग्णाशेजारी कोणीतरी बसलेले असायचे. आता ती खुर्ची रिकामी झाली.

रिकामी खुर्ची

त्या खुर्चीत बसणारी व्यक्ती काय करते? एक साधी तपासणी डोळ्यांपुढे आणा. एएनएम वजन करते, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजते, बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन पाहते, लघवीत प्रथिने आणि साखर आहे का ते पट्टीने तपासते, पोट चाचपून आणि मोजून बाळाची वाढ व स्थिती पाहते, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकते, पायावर बोट दाबून सूज पाहते, धनुर्वाताचे इंजेक्शन देते, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देते. हे सगळे करताना बोलते : काय खातेस, झोप लागते का, बाळ फिरते का, मागच्या वेळी काय झाले होते, बाळंतपणाला कुठे जाणार, गाडी कोणाची.

यादीचा शेवटचा भाग तेवढा फोनवरून जातो. गोळ्या घरपोच देता येतात. बाकी सगळ्याला हात लागतो.

यातला रक्तदाब सगळ्यात कळीचा. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब बऱ्याचदा काहीच जाणवू देत नाही. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणे ही लक्षणे येतात तेव्हा वेळ बरीच गेलेली असते, आणि त्यापुढची पायरी म्हणजे झटके. म्हणून ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘बरं वाटतंय’ असे खरेखुरे उत्तर मिळाले तरी त्यावर विसंबता येत नाही. रक्तक्षयाचेही तसेच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. इतक्या जणींना जे होते ते आजूबाजूला सर्वांनाच असल्यामुळे थकवा हा थकवा म्हणून सांगितलाही जात नाही.

सोनोग्राफीचा प्रश्न वेगळा. लहान, हातात मावणारी सोनोग्राफी यंत्रे आता आहेत आणि काही देशांत ती रुग्णाच्या घरापर्यंत नेण्याची चर्चा झाली. भारतात गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते आणि यंत्र इकडेतिकडे नेण्यावर कडक बंधने आहेत. हा कायदा विनाकारण आलेला नाही. मुलींच्या घटत्या प्रमाणाचा इतिहास त्याच्यामागे आहे. म्हणजे एका पिढीने एका अन्यायावर शोधलेला उपाय दुसऱ्या संकटात आड येतो. अशा वेळी कायदा वाईट की चांगला, असा प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही.

टाळेबंदीतले महिने

प्रत्यक्षात काय घडले? १४ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अत्यावश्यक आरोग्यसेवा चालू ठेवण्याबद्दल मार्गदर्शिका काढली आणि २४ मे रोजी माता, बालक व किशोरवयीनांच्या सेवांसाठी स्वतंत्र टिपण काढले. गर्भवतींच्या याद्या करा, बाळंतपण जवळ आलेल्यांचा पाठपुरावा करा, शक्य तिथे फोन वापरा, गर्दी जमवणारे कार्यक्रम टाळा. कागदावर सेवा कधीच बंद नव्हती.

जमिनीवर बस नव्हती. खासगी दवाखाने अनेक ठिकाणी बंद होते. आरोग्य कर्मचारी कोविडच्या सर्वेक्षणाला लागले होते. दवाखान्यात गेलो तर तिथूनच आजार घेऊन येऊ, ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. २० एप्रिलला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संसर्गाचे प्रमाण जास्त असलेल्या भागांत येत्या पाच दिवसांत बाळंत होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांची, लक्षणे नसली तरी, चाचणी करावी असे सांगितले. हेतू चांगला होता, पण रुग्णालयाच्या दारात ‘आधी रिपोर्ट दाखवा’ असा त्याचा अर्थ अनेकींच्या वाट्याला आला. जून २०२० मध्ये दिल्लीजवळच्या नोएडा-गाझियाबाद परिसरात आठ महिन्यांची एक गर्भवती सुमारे तेरा तास एकामागून एक आठ रुग्णालयांच्या दारांत फिरली आणि रुग्णवाहिकेतच तिचा मृत्यू झाला. ती घटना देशभर गाजली. तिच्यापुढे अडचण सल्ल्याची नव्हती. कोणताही फोन तिला खाट देऊ शकत नव्हता.

आणखी एक बाब आकड्यांच्या तक्त्यांत दिसत नाही. आपल्याकडे अनेक समाजांत पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत आहे. म्हणजे नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, शेवटच्या तपासण्या माहेरच्या. टाळेबंदीत काहीजणी सासरी अडकल्या, काही माहेरी आधीच आल्या होत्या पण कार्ड तिकडे राहिले. स्थलांतरित मजूर कुटुंबांतल्या गर्भवतींचे तर नाव एका राज्यात, त्या स्वतः दुसऱ्या राज्यात आणि मे महिन्यात तिसऱ्या राज्यातून जाणाऱ्या श्रमिक गाडीत. त्या गाड्यांत बाळे जन्मल्याच्या बातम्या आपण तेव्हा कौतुकाने वाचल्या. बाळंतपणाची वेळ आलेली स्त्री रेल्वेच्या डब्यात का होती, हे त्या बातम्यांत क्वचितच विचारले जाई.

अशा काळात फोनने काम केले, हे नाकारता येणार नाही. पण तो कोणाचा फोन? बऱ्याच गावांत गर्भवतीला जो फोन आला तो कुठल्या ॲपवरून नव्हता. तो आशाताईचा होता, अनेकदा तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून आणि स्वतःच्या रिचार्जवर. ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेखाली आशाला मिळणारा मोबदला तपासण्या पूर्ण होण्याशी आणि बाळंतपण संस्थेत होण्याशी जोडलेला आहे. संध्याकाळी केलेल्या दहा फोनसाठी त्यात रकाना नाही. कोविडच्या कामासाठी त्यांना महिन्याला १,००० रुपये जादा जाहीर झाले. ऑगस्ट २०२० मध्ये देशातल्या लाखो आशांनी मोबदला आणि संरक्षक साहित्यासाठी संप केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक पुरस्काराने सन्मान केला.

दूरवैद्यकाचा इतिहास लिहिताना आशाताईला ‘पूरक यंत्रणा’ म्हणण्याची पद्धत आहे. मला ती उलटी वाटते. जिथे रक्तदाब मोजायला कोणी होते, तिथे डॉक्टरचा फोन कामाला आला, कारण डॉक्टरला आकडा मिळाला आणि निर्णय घेता आला. जिथे कोणी नव्हते तिथे फोनवर धीर मिळाला. धीरही मोलाचा असतो, पण तपासणी ही वेगळी गोष्ट आहे.

पलीकडे कोण बोलते आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले होते : तुमच्याजवळ तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? ५४ टक्के ‘हो’ म्हणाल्या. शहरांत ६९.४, ग्रामीण भागात ४६.६. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के.

‘घरात फोन आहे’ आणि ‘तिच्याकडे फोन आहे’ यांत किती अंतर आहे, ते या आकड्यांतून दिसते. नवरा कामावर गेला की फोन त्याच्याबरोबर जातो. फोन लागला तरी स्पीकरवर. सासू शेजारी बसलेली. अशा वेळी अंगावरून पाणी जाते हे सांगायचे कसे? आधी एकदा गर्भपात झाला होता, तो घरात माहीत नाही, ते सांगायचे कसे? नवरा मारतो का, हा प्रश्न तर आरोग्यसेविकेने विचारायचाच कसा? उपकेंद्रातल्या तपासणीच्या खोलीचा पडदा मळका असला तरी तो पडदा असतो. मार्चमधल्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णाच्या वतीने दुसरी व्यक्ती बोलत असेल तर संमतीचे नियम घातले आहेत, पण रुग्ण स्वतः बोलते आहे आणि दुसरी व्यक्ती ऐकते आहे, ही परिस्थिती नियमांत मावत नाही.

नेटवर्कचा प्रश्नही सगळीकडे सारखा नव्हता. जम्मू-काश्मीरमध्ये जानेवारी २०२० मध्ये मोबाइल इंटरनेट टप्प्याटप्प्याने परत आले ते फक्त टू-जी वेगाचे, आणि संपूर्ण प्रदेशात फोर-जी पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. मधल्या काळात हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला; ११ मे २०२० रोजी न्यायालयाने निर्णय स्वतः न घेता एका समितीकडे सोपवला. टू-जीवर व्हिडिओ चालत नाही. देशाने दूरवैद्यकाचे नियम केले त्या पहिल्या वर्षात देशाचा एक भाग तांत्रिकदृष्ट्या त्याच्या बाहेर होता, हे दूरवैद्यकाच्या यशाच्या कथांत बहुधा येत नाही.

आकडे वाचताना

दूरवैद्यकाने गर्भवतींचे नुकसान झाले का? जगात याची मोजणी झाली आहे आणि तिची दोन उदाहरणे तुम्ही पाहिलीच पाहिजेत.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे मोनाश हेल्थ या मोठ्या सार्वजनिक सेवेने मार्च २०२० पासून निम्म्याहून थोड्या अधिक प्रसूतिपूर्व भेटी फोन-व्हिडिओवर नेल्या. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात आधीच्या काळाशी तुलना केली तेव्हा खुंटलेली वाढ, मृतजन्म, रक्तदाबाचे विकार यांत वाढ दिसली नाही. अमेरिकेत डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयात, जिथे मुख्यतः गरीब स्त्रिया येतात, व्हिडिओचा नाद सोडून साध्या फोनवर काही भेटी घेतल्या. तिथेही गंभीर परिणामांचे प्रमाण आधीसारखेच राहिले. साधा फोन निवडण्यातला शहाणपणा आपल्याकडे विशेष दखल घेण्याजोगा आहे.

या निष्कर्षांवरून ‘फोन पुरतो’ असे म्हणावे का? दोन्ही ठिकाणी काय ‘फोनवर नेले’ ते पाहा. ठरावीक भेटी प्रत्यक्षच होत्या. रक्त तपासणी, सोनोग्राफी, प्रयोगशाळा, रुग्णालयाची खाट, रस्ता, गाडी हे सगळे जागेवर होते. डझनभर भेटींमधल्या काही भेटी फोनवर गेल्या. आपल्याकडे २०१९–२१ मध्ये चार किंवा अधिक तपासण्या झालेल्या स्त्रिया ५८.१ टक्के होत्या. बारापैकी पाच फोनवर नेणे आणि चारपैकी दोन फोनवर नेणे ही एकच गोष्ट नाही. घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र दिले की भागते, असेही मानू नका. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत घरी मोजमाप करणाऱ्या स्त्रियांमध्ये वाढलेला रक्तदाब लक्षणीयरीत्या लवकर सापडला नाही.

दुसऱ्या बाजूचे चित्र नेपाळमधून येते. तिथल्या नऊ रुग्णालयांच्या अभ्यासात टाळेबंदीत संस्थेतील बाळंतपणे निम्म्याहून कमी झाली आणि मृतजन्माचे प्रमाण हजारी १४ वरून २१ वर गेले. आपल्या परिस्थितीची तुलना मेलबर्नशी करायची की काठमांडूशी, याचा विचार करा.

भारताचे आकडे वाचताना दोन सापळे आहेत. नमुना नोंदणी पद्धतीचा मातामृत्यूचा आकडा २०१८–२० मध्ये ९७ आणि २०१९–२१ मध्ये ९३ आहे. म्हणजे महासाथीत मृत्यू घटले? हे तीन-तीन वर्षांचे एकत्रित आकडे आहेत. एप्रिल-मे २०२० किंवा एप्रिल-मे २०२१ मधला उंचवटा असला तरी तो अशा सरासरीत दिसणार नाही. दीर्घकाळचा कल सांगायला हा स्रोत उत्तम. एका वाईट तिमाहीबद्दल तो मुका आहे.

दुसरा सापळा मोठ्या संख्येचा. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवरील सल्ल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. संख्या खरी आहे. पण ती सल्ल्यांची आहे, रुग्णांची नाही. त्यांत खाज, खोकला, साखर, सगळे आले. आणि कालांतराने त्यांतला मोठा वाटा घरून थेट डॉक्टरला लावलेल्या कॉलचा राहिला नाही. आरोग्यवर्धिनी केंद्रात, कर्मचाऱ्याच्या शेजारी बसून घेतलेल्या सल्ल्यांनी ती संख्या वाढली. महासाथीने रिकामी केलेली खुर्ची साथ ओसरताच पुन्हा भरली गेली. धोरणकर्त्यांनी तसा मोठा सिद्धांत मांडला म्हणून नव्हे, तर वापर तिकडे वळला म्हणून.

पुढच्या तासाला येताना एक दस्तऐवज घेऊन या. तुमच्या घरात किंवा शेजारी २०२० किंवा २०२१ मध्ये जन्मलेले मूल असेल तर त्याच्या आईकडे माता-बाल संरक्षण कार्ड असेल. तिची परवानगी घेऊन, नाव झाकून, तपासण्यांचे पान पाहा. तारीख, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, पोटाची तपासणी. कोणते रकाने कोरे आहेत? कोणत्या महिन्यांतले? आणि जिथे तारीख आहे पण रक्तदाबाचा आकडा नाही, त्या दिवशी काय झाले होते ते तिलाच विचारा.